दूरचित्रवाणीवरील अंत्ययात्रा आणि आपला शोक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतील एक वृद्ध उपासक वारले. गिरणीतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. सकाळी प्राण गेला आणि दुपारी तीन वाजता अंत्ययात्रा निघावयाची होती. योगायोग असा की, त्याच दिवशी एका नामवंत व्यक्तीची अंत्ययात्रा सर्व वृत्तवाहिन्यांवर दाखविली जात होती. बौद्धाचार्यांना यावयास उशीर झाला. दारात जमलेली मंडळी एकेक करून समोरच्या घरात गेली आणि टी.व्ही.पुढे बसली. कोण मंत्री आले, कोणत्या नटाने काळा चष्मा लावला होता, कोण रडले आणि कोण रडले नाही, याची चर्चा सुरू झाली. इकडे आतल्या खोलीत म्हातारी नवऱ्याच्या उशाशी जवळजवळ एकटीच बसून होती. तिरडी बांधावयास माणसे शेवटी हाका मारून आणावी लागली.

त्या वेळी मृताच्या नऊ वर्षांच्या नातवाने आपल्या बापाला विचारले, “पप्पा, आपल्या आबांना टी.व्ही.वर का नाही दाखवत? आबा मोठे नव्हते का?”

बाप काही बोलला नाही. आम्ही चारचौघे वडीलधारी तेथे उभे होतो. आम्हीही बोललो नाही. पोराचा प्रश्न म्हणून कोणी तरी हसून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. जो मनुष्य पडद्यावर दिसतो त्याचे मरण मोठे आणि जो दिसत नाही त्याचे मरण लहान, असे त्या मुलाला कोणी शिकविले? आपणच शिकविले. त्या दिवशी आपण कोठे बसलो होतो हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

आपण धम्म स्वीकारला तो समतेचा म्हणून स्वीकारला. जिवंत माणसांची उतरंड लावणाऱ्या समाजव्यवस्थेतून आपण बाहेर पडलो. त्या व्यवस्थेत मेल्यावरही उतरंड सुटत नव्हती. गावाचे मसण वेगळे आणि आपले मसण वेगळे होते. कित्येक गावांत ते आजही वेगळे आहे. अशा समाजातून आलेल्या माणसांनी मरणाची नवी उतरंड मुकाट्याने मान्य करावी काय? सार्वजनिक व्यक्तींचे मृत्यू आणि अंत्यसंस्कार दूरचित्रवाणीच्या बातम्यांत कसे दाखविले जातात, याचा विचार म्हणूनच बौद्ध कुटुंबांनी केला पाहिजे.

घरोघर जाणारी गोतमी आणि घरोघर येणारा शोक

किसा गोतमीची गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. भगवान बुद्धांनी तिला मूठभर मोहरी आणावयास सांगितले. मात्र ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातील मोहरी हवी, ही अट घातली. ती दारोदार फिरली. प्रत्येक घरात कोणी ना कोणी गेलेले होते. कोणाचा बाप, कोणाची लेक, कोणाचा भाऊ. संध्याकाळपर्यंत तिला मोहरी मिळाली नाही, पण दृष्टी मिळाली. तिने मूल स्मशानात नेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बुद्धांनी एका शोकाकुल स्त्रीला घरोघर पाठविले. दूरचित्रवाणी नेमके उलटे करते. ती एका घरातील शोक घरोघर पाठविते. गोतमीला दुसऱ्याच्या दारात जावे लागले, दुसऱ्याचे दुःख विचारावे लागले, ऐकावे लागले. आपल्याला कोठेही जावे लागत नाही. शेजारच्या घरात कोण गेले हे न विचारता आपण शेकडो मैलांवरच्या घरातील रडणे पाहू शकतो. गोतमीचे दुःख फिरता फिरता शहाणपणात बदलले. आपल्या पाहण्याचे कशात रूपांतर होते?

सतिपट्ठानाच्या शिकवणुकीत स्मशानातील प्रेताचे चिंतन सांगितले आहे. प्रेत पाहावयास बुद्धांचा विरोध नव्हता. पण साधकाने ते पाहावयाचे ते अशासाठी की, माझाही देह याच स्वभावाचा आहे, यातून माझी सुटका नाही, हे त्याला कळावे. म्हणजे पाहणाऱ्याची नजर फिरून स्वतःकडे आली पाहिजे. कुतूहलाने पाहणाऱ्याची नजर मात्र तशीच पुढे जाते. प्रेत तेच, डोळे तेच; मन वेगळे. सगळा फरक एवढ्यात आहे.

रेडिओपासून पडद्यापर्यंत

लोकांनी आपल्या पुढाऱ्यांचा शोक दुरून करावा, ही गोष्ट दूरचित्रवाणीने आणलेली नाही. १९४८ साली महात्मा गांधींची अंत्ययात्रा निघाली तेव्हा आकाशवाणीवरून मेलव्हिल डीमेलो यांनी सुमारे सात तास धावते वर्णन केले. ज्यांच्याजवळ रेडिओ होता त्यांच्या घरी गल्ली जमली.

पडद्यावरची पहिली मोठी अंत्ययात्रा म्हणून जगात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची अंत्ययात्रा सांगतात. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांची हत्या झाली आणि २५ तारखेला दफन झाले. हे चार दिवस तेथील दूरचित्रवाणीने दुसरे काही दाखविले नाही, आणि जाहिराती बंद ठेवल्या. धंद्याच्या देशातील धंदेवाईक संस्थांनी चार दिवस पैसा बाजूला ठेवला, ही गोष्ट आज आठवावी अशी आहे. परंतु त्याच चार दिवसांत दोन गोष्टी अशाही घडल्या की, त्यांतून पुढचे सर्व काही दिसून येते. २४ तारखेला आरोपी ऑस्वाल्डला पोलिसांच्या गराड्यात गोळी घातली गेली आणि ते लोकांनी घरबसल्या घडत असताना पाहिले. आणि दफनाच्या दिवशी केनेडींच्या लहान मुलाने बापाच्या शवपेटीला सलाम केला. त्या दिवशी त्याचा तिसरा वाढदिवस होता. ते चित्र जगभर गेले. लोक हळहळले हे खरे. पण त्या मुलाचा तो सलाम त्यानंतर त्याचा राहिला नाही. तो सर्वांच्या मालकीचा झाला.

आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मुंबईत ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. बरीच वर्षे एकच सरकारी दूरदर्शन होते. मोठा नेता गेला म्हणजे नेहमीचे कार्यक्रम बंद होत आणि दिवसभर सारंगीचे सूर ऐकू येत. पुढे खाजगी वाहिन्या आल्या आणि चोवीस तास बातम्या सुरू झाल्या. चोवीस तास बातमी द्यावयाची तर बातमी संपता कामा नये. मृत्यू मात्र एका वाक्यात संपणारी बातमी आहे: अमुक गृहस्थ गेले. म्हणून ती लांबवावी लागते. रुग्णालयाच्या फाटकाशी कॅमेरा उभा राहतो, मग घराच्या दाराशी, मग शववाहिकेच्या मागे, मग स्मशानाच्या भिंतीवर. नामवंतांच्या आयुष्यावरचे कार्यक्रम ते आजारी असतानाच तयार करून ठेवलेले असतात. मधूनमधून साबणाची आणि मोटारीची जाहिरात येते, कारण जितके लोक पाहतील तितका जाहिरातीचा दर. यात कोणा एका वार्ताहराचा दुष्टपणा आहे असे मला म्हणावयाचे नाही. फाटकाशी उभा असलेला तो तरुण मुलगा पोटासाठीच उभा असतो. दोष रचनेचा आहे, आणि त्या रचनेत पाहणारे आपणही आहोत.

वाणीच्या कसोट्या

बातमी म्हणजे वाणीच होय. ती एका माणसाच्या तोंडून न निघता यंत्रातून निघते एवढेच. मग सम्यक वाणीचे नियम तिलाही लावले पाहिजेत. कोणती गोष्ट बोलावी, याबद्दल भगवान बुद्धांनी अभय राजकुमाराला सांगितलेल्या कसोट्या सोप्या आहेत. ती खरी आहे काय? ती हिताची आहे काय? आणि ती बोलण्याची ही वेळ आहे काय? या तीन कसोट्यांवर काही प्रसंग घासून पाहू.

पहिली कसोटी सत्याची. २२ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची बातमी दिली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. जयप्रकाशजी तेव्हा मुंबईच्या रुग्णालयात जिवंत होते. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. ही चूक संसदेत झाली आणि सरकारी प्रसारणाने ती देशभर पोचविली. त्यानंतर शेहेचाळीस वर्षे लोटली. साधने किती तरी पटींनी वाढली. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये अभिनेते धर्मेंद्र हयात असताना अनेक वाहिन्यांनी त्यांना मृत ठरविले आणि त्यांच्या पत्नीला व मुलीला जाहीरपणे सांगावे लागले की, ते जिवंत आहेत, उपचार चालू आहेत. ते वारले २४ नोव्हेंबरला. आजारी माणसाच्या घरच्यांवर त्या दिवसांत काय प्रसंग आला असेल! शेजारच्या वाहिनीच्या आधी आपण सांगितले पाहिजे, या घाईपायी हे घडते. मृत्यूची बातमी एक तास उशिरा कळली तर कोणाचे काय बिघडते? ती खोटी कळली तर मात्र एका घराचे फार बिघडते.

दुसरी कसोटी हिताची. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली. ही बातमी परदेशी रेडिओने आधी दिली. आपल्या सरकारी प्रसारणाने ती संध्याकाळपर्यंत राखून ठेवली. नंतर त्यांचे पार्थिव तीनमूर्ती भवनात ठेवले गेले आणि दूरदर्शनवर ते दृश्य सतत दाखविले गेले. तेथे जमलेल्या जमावातून रक्ताचा बदला रक्ताने घेण्याच्या घोषणा दिल्या जात होत्या. त्या घोषणाही घरोघर ऐकू गेल्या. त्याच दिवसांत दिल्लीत शीख बांधवांची कत्तल चालू होती. सरकारने नेमलेल्या समितीनेच पुढे दिल्लीतील मृतांचा आकडा २,७३३ दिला. ही हत्या कॅमेऱ्याने केली असे कोणी म्हणणार नाही. ती करणारे आणि करविणारे वेगळेच होते. पण शोकाचे दृश्य द्वेषाचे वाहन होऊ शकते, हे त्या तीन दिवसांनी दाखविले. त्या सर्व दिवसांत एका मृत्यूला पडदा मिळाला आणि त्या २,७३३ मृत्यूंना मिळाला नाही.

तिसरी कसोटी वेळेची आणि मर्यादेची. २४ फेब्रुवारी २०१८ रोजी अभिनेत्री श्रीदेवी यांचा दुबईत एका हॉटेलात स्नानाच्या टबात बुडून मृत्यू झाला. पार्थिव परत येण्यास तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत वाहिन्यांनी टबाची चित्रे पडद्यावर तयार करून दाखविली. एक वार्ताहर तर स्वतः टबात झोपला. तिच्या दोन मुलींनी त्या दिवसांत टी.व्ही. लावला असता तर त्यांना काय दिसले असते, हा प्रश्न एकाही संपादकाच्या मनात आला नाही काय? जून २०२० मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला, तेव्हा तर अनेक महिने वाहिन्यांवर न्यायालयच भरले. अखेर १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा ‘माध्यम-खटल्यां’वर कडक ताशेरे ओढले आणि आत्महत्येच्या बातम्या देताना कोणता संयम पाळावा याची सूचना केली. ९ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानेही मृतदेह, रक्तबंबाळ माणसे आणि रडणाऱ्यांचे चेहरे जवळून दाखवू नयेत, असे वाहिन्यांना बजावले. नियमांची उणीव नाही. करुणेची आहे.

दिसणारे मरण आणि न दिसणारे मरण

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आबा मोठे नव्हते का?

२०२० च्या ज्या महिन्यांत एका नटाच्या मृत्यूवर वाहिन्या रात्रंदिवस बोलत होत्या, त्याच महिन्यांत, १४ सप्टेंबरला, उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात एका एकोणीस वर्षांच्या दलित मुलीवर हल्ला झाला. तिची बातमी पंधरा दिवस पडद्यावर जवळजवळ आलीच नाही. २९ सप्टेंबरला ती दिल्लीच्या रुग्णालयात वारली. त्याच रात्री पोलिसांनी तिचे प्रेत गावी आणले आणि उत्तररात्री, घरच्यांना दूर ठेवून, जाळून टाकले. आईने लेकीचे शेवटचे तोंड पाहावे म्हणून पदर पसरला. तेही तिला मिळाले नाही.

त्या रात्री तेथे एका वृत्तवाहिनीची वार्ताहर होती. तिने अंधारातल्या त्या सरणाचे चित्रण केले आणि पोलिसांना विचारले, हे काय जळते आहे? त्या चित्रणामुळे देशाला कळले. दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होण्याचा हक्क हा विषय न्यायालयापुढे आला.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण तो दोन्ही बाजू दाखवितो. ज्यांना कोणी पाहत नाही त्यांच्या मरणाला कॅमेरा साक्षी राहिला, तर तो मोठे पुण्यकर्म करतो. म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देऊन आपले काम भागत नाही. गटारात उतरून गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराच्या दारात कॅमेरा का जात नाही, हे विचारले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे ही मरणे घडतात हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक आहे. पडद्याला ती ठाऊक आहेत काय? नामवंताच्या अंत्ययात्रेत कोणी कोणत्या रंगाचा झगा घातला होता हे आपल्या मुलींना माहीत असते. आपल्याच जातभाईंपैकी कोण गेल्या महिन्यात गटारात मेला, हे आपल्यालाही माहीत नसते.

मोठ्यांचा शोक करू नये काय?

येथे कोणी म्हणेल, मग काय, थोरांच्या मृत्यूची बातमी दाखवूच नये? लोकांना आपल्या आवडत्या माणसाचे शेवटचे दर्शन नको काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला खरे उत्तर दिले पाहिजे. खेड्यातील म्हातारी मुंबईला किंवा दिल्लीला जाऊ शकत नाही. बहुतेक समाजांत बायांना स्मशानात जाऊ देत नाहीत. पडद्याने त्यांना ते दर्शन घडविले, हे थोडे काम नव्हे.

आणि शेवटच्या दर्शनाचा हक्क स्वतः बुद्धांनीच मान्य केला आहे. कुसिनारेच्या शालवनात देह ठेवण्यापूर्वी त्यांनी आनंदाला नगरात पाठविले, ते यासाठी की, आपल्या हद्दीत तथागत गेले आणि आपण भेटलो नाही, अशी हळहळ मल्लांना पुढे लागू नये. मल्ल बायकामुलांसह रडत आले. आनंदाने एकेक कुटुंबाला पुढे करून सर्वांना वंदन करू दिले. त्याच रात्री सुभद्र नावाचा परिव्राजक आला. आनंदाने त्याला तीनदा अडविले. भगवंताला त्रास देऊ नका म्हणाला. बुद्धांनी ते ऐकले आणि म्हणाले, येऊ दे त्याला. तो त्रास द्यावयास नव्हे, जाणून घ्यावयास विचारतो आहे. आनंद स्वतः दाराला टेकून रडत होता, त्यालाही बोलावून त्यांनी समजाविले की, जे प्रिय आहे त्याचा वियोग होणारच. आणि शालवृक्षांची फुले अंगावर पडत असता त्यांनी सांगितले की, फुलांनी तथागताचा खरा सन्मान होत नाही; जो धम्माप्रमाणे वागतो तो खरा सन्मान करतो.

म्हणजे दर्शन नाकारले नाही, रडणे नाकारले नाही, फुलेही नाकारली नाहीत. पण त्या सर्वांच्या वर एक गोष्ट ठेवली: उद्यापासून तू कसा वागणार? दूरचित्रवाणी हा एकच प्रश्न विचारीत नाही. ती विचारते, तुम्हाला आता कसे वाटते? आणि उत्तर देणारा रडला की जाहिरात लागते.

१९५६ चा शोक

६ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांचे दिल्लीत अलीपूर रोडवरील निवासस्थानी परिनिर्वाण झाले. देशात तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. रेडिओ, तारा आणि तोंडातोंडी बातमी पसरली. पार्थिव विमानाने मुंबईस आणून राजगृहात ठेवले गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. लाखो माणसे चालत, मिळेल त्या गाडीने आली. रांगेत तासन् तास उभी राहिली. नामदेवराव व्हटकरांनी त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण केले, म्हणून ती दृश्ये आज आपल्याला पाहावयास मिळतात. हेही कॅमेऱ्याचेच काम आणि ते करणाऱ्याचे आपल्यावर ऋण आहे.

परंतु त्या दिवसाचे मोठेपण गर्दीच्या आकड्यात नाही. बाबासाहेब १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षा समारंभ करणार होते. तो दिवस पाहावयास ते राहिले नाहीत. तेव्हा चौपाटीवर, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून एक लाखाहून अधिक लोकांनी तेथेच धम्मदीक्षा घेतली. रडणारी माणसे रडतच उभी राहिली आणि त्यांनी आपल्या आयुष्याची दिशा बदलली. त्यांना कोणी “कसे वाटते?” असे विचारले नाही. त्यांनी केले ते हे की, घरी गेल्यावर देव्हारे रिकामे केले, जुनी कामे सोडली आणि पोरांना शाळेत घातले.

शोक पाहावयाचा नसतो, करावयाचा असतो, हे मला १९५६ शिकविते. आणि करावयाचा म्हणजे काय, तर गेलेल्याचे अर्धे राहिलेले काम उचलावयाचे. ज्या बातमीने असे काही उचलावेसे वाटते ती बातमी हिताची. जी बातमी पाहून आपण चार तासांनी उठतो आणि डोळे चोळून जेवावयास बसतो, ती कितीही हुंदके दाखवो, तिच्यात शोक नाही.

आपण काय करावे

नव्याने बौद्ध झालेल्या कुटुंबांसाठी काही गोष्टी सुचवितो. त्या अवघड नाहीत.

शेजारी कोणाचे निधन झाले असेल, तर त्या दिवशी आजूबाजूच्या घरांतील टी.व्ही. बंद असावा. जगात कोणीही गेलेला असो, पहिला शोक दाराशी असलेल्याचा. मृताच्या घरी जाऊन बसावे. स्वयंपाकाचे पाहावे, पाण्याचे पाहावे, लहान मुलांना जवळ घ्यावे.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि प्रत्येकजण आपापल्या घरचा वृत्तवाहिनीवाला झाला आहे. प्रेताचे, रडणाऱ्या आईबापांचे चित्रण करून गटागटांत पाठविण्याची खोड आपल्या वस्त्यांतही शिरली आहे. जे वाहिन्यांनी केले तर वाईट, ते आपण केले तर चांगले कसे? दूरच्या नातलगांसाठी चित्रण करावयाचेच असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि रडणाऱ्यांचे चेहरे टाळावे.

पडद्यावरील मोठ्या अंत्ययात्रांत मंत्रोच्चार, चंदनाची चिता, मडके फोडणे, पिंड, अस्थिविसर्जन हे सर्व वारंवार दिसते. ज्यांच्या घराण्याची ती रीत आहे त्यांनी ती करावी. त्यांच्या शोकाची आपण टवाळी करू नये. परंतु ते पाहून आपल्या घरातील माणसाला वाटू लागते की, खरा अंत्यसंस्कार असाच असतो आणि आपला विधी म्हणजे काही तरी उणे आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सहावी आणि आठवी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष, पिंडदान आणि ब्राह्मणाहातचे क्रियाकर्म यांबद्दल काय सांगते, ते अशा वेळी मुलांना समजावून द्यावे. त्रिशरण, पंचशील, परित्राणपाठ आणि गेलेल्याच्या गुणांचे स्मरण एवढ्यात आपला विधी पूर्ण होतो. त्यात गरिबाला कर्ज काढावे लागत नाही, हे त्याचे उणेपण नसून मोठेपण आहे.

मुले अशी बातमी पाहत असतील, तर त्यांच्याजवळ बसावे. हा मनुष्य कोण होता, त्याने काय केले, कोणासाठी केले, हे सांगावे. तेवढे सांगून झाले की संच बंद करावा. आणि एखाद्या वाहिनीने मर्यादा सोडली, तर नुसते चरफडत बसू नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रेक्षकाला वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते आणि वाहिनीने तिचा निकाल १५ दिवसांत द्यावयाचा असतो. शिकलेल्या मुलांनी वस्तीच्या वतीने असे एखादे पत्र लिहावे. संघटित होण्याचा अर्थ केवळ मोर्चा असा नाही.

आणि ज्यांचे मरण कोणी दाखविले नाही त्यांचे स्मरण आपण करावे. विहारात महिन्यातून एकदा वस्तीतील गेलेल्या साध्या माणसांविषयी पाच-दहा मिनिटे बोलावे. कोणी कोणाला शिकविले, कोणी पहिली विहीर खुली करण्यासाठी मार खाल्ला, कोणा बाईने भांडी घासून तीन पोरांना पदवीधर केले. हे आपल्या मुलांनी ऐकले पाहिजे. हा इतिहास आपल्यासाठी दुसरे कोणी जपून ठेवणार नाही.

त्या मुलाच्या आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्याला जवळ बोलावले आणि राहिलेले उत्तर दिले. मी म्हणालो, “बाळ, ७ डिसेंबर १९५६ ला तुझे आबा सतरा वर्षांचे होते. ते दादरच्या चौपाटीवर त्या गर्दीत उभे होते. तेथे त्यांनी दीक्षा घेतली. त्यानंतर त्यांनी कधी दारूला हात लावला नाही. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी भाजी विकली, पण तुझ्या पप्पांची शाळा सोडविली नाही. त्यांना टी.व्ही.वर कोणी दाखविले नाही, कारण दाखविणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होते. आम्हीच त्या दिवशी तुला सांगावयास हवे होते.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “भाजी कुठे विकायचे?” मी त्याला हाताला धरून नाक्यावरची ती जागा दाखविली.